बाराव्या दिव्याखालचा मजकूर

४ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार केला असं समज आणि पुढे वाच. फोन करू नको, मेसेज तर मुळीच नको, घरात माझा फोन सगळेच उचलतात, असं तू बजावलंस, तेव्हापासून मी पत्रं लिहिणारी बहुधा शेवटची वेब डिझायनर झाले आहे. ऑफिसात कळलं तर हसतील, म्हणून सांगत नाही. तुझी पत्रं घरी कपाटात बुटांच्या खोक्यात ठेवते. बूट बाहेर काढले आहेत, काळजी नको.

आज जे झालं ते फक्त तुलाच सांगू शकते. आमच्या ऑफिसच्या मालकीणबाईंनी (आम्ही त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणतो) सकाळी सगळ्यांना भिंतीपुढे उभं केलं. आम्ही पाच जण वेबसाइटची पानं बनवतो. पाचही जणांची तीन-तीन पानं त्यांनी छापून भिंतीला लावली होती आणि नावं झाकून टाकली होती. कुठलं पान कुणाचं, ओळखा म्हणाल्या. मफलरची तिन्ही पानं सगळ्यांनी झटकन ओळखली. मफलर म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा. एसीचा झोत थेट त्याच्या मानेवर येतो, म्हणून तो बारा महिने मफलर गुंडाळून बसतो. बाकीच्यांचीही पानं ओळखली गेली. माझी तीन पानं मात्र तीन वेगवेगळ्या माणसांच्या नावावर गेली. त्यातलं एक मफलरच्या नावावर गेलं, तर तो म्हणाला की हे माझं नाही, पण माझ्यासारखं आहे खरं. सगळे हसले. मीही हसले, काय करणार.

नंतर बाईंनी मला आत बोलावलं. म्हणाल्या, “तुझ्या कामात चूक नसते. पण ते कुणाचंही असू शकतं. चार वर्षं झाली, मला तू अजून दिसली नाहीस.” जूनपर्यंत बघू, असंही म्हणाल्या. जूननंतर काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मला आधी राग आला, मग रडू आलं, आणि दोन्ही ऑफिसच्या बाथरूममध्ये उरकावं लागलं. त्या चुकीचं बोलल्या नाहीत, हे सगळ्यात वाईट. मी जे शेवटचं बघते तसंच करते. परवा एका घड्याळवाल्यांची काळी साइट बघितली, तर काल माझ्या दवाखान्याच्या पानाला काळा रंग आला होता. पण बाईंच्या हे एकदम डोक्यात आलं असेल असं मला वाटत नाही. त्यांचे कान मफलरनेच भरले असणार. तो फार शांत असतो, आणि इतका शांत माणूस मला कधी खरा वाटत नाही.

तू लवकर लिही. तुझं पत्र वाचलं की डोकं ठिकाणावर येतं.

तुझी
ठमी


१६ फेब्रुवारी

ठमे,

पत्र मिळालं, पण पाकिटाची कड एका बाजूने वर आलेली होती. डिंक वाळला असेल, नाहीतर कुणी उघडून बघितलं असेल. यापुढे घरच्या पत्त्यावर पाठवू नकोस, शाळेच्या पाठव. कार्यालयात टपाल माझ्याच हातात येतं. आणि पाकिटाच्या कडेवर सही करत जा.

तुझ्या बाईंना इतकी वर्षं लागली, मला ते तू चार वर्षांची असताना कळलं होतं. मी वेणी घातली की तुला वेणी हवी, मी चष्मा लावला की तुला चष्मा. मला सर्दी झाली की तू नाकात बोलायचीस. आई घाबरून तुलाही औषध पाजायची. तेव्हा हसायला यायचं, आता येत नाही. पण ऐक, नक्कल करायला नजर लागते. नजर तुला आहे. ती कुठे ठेवायची एवढंच तुला कळत नाही.

आता माझं. हे वाचून झाल्यावर पत्र फाड. खोक्यात ठेवू नकोस.

सासूबाई तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये होत्या हे तुला माहीत आहे. चारशे नंबर तोंडपाठ, अजूनही कुणाकुणाचे सांगतात. गेले काही महिने मला शंका येत होती. दोनदा दूध तापवणं, चष्मा डोळ्यांवर असताना चष्मा शोधणं, तेवढं कुणाचंही होतं. पण गुरुवारी त्यांचा गाऊन धुवायला घेतला. धुताना सासूबाईंच्या बाहीच्या आत आमच्याच घराचा फोन नंबर पेनाने लिहिलेला दिसला. मी तेवढी जागा घासली नाही. तशीच वाळत घातली. मागे वळले तर त्या दारात उभ्या.

म्हणाल्या, “बघितलंस ना? आता माझ्या मुलीला कळता कामा नये. ती मला तिच्या घरी नेऊन खोलीत बसवून ठेवेल.” मी शब्द दिला. ठमे, त्यांनी माझा हात धरला होता, आणि लग्नाला अकरा वर्षं झाली, त्यांनी कधी माझा हात धरलेला नाही. ह्यांनाही मी काही बोललेले नाही. हे आईचं काही लपवू शकत नाहीत, चेहऱ्यावर येतं. आमच्या वन्सं दर रविवारी येतात आणि आईच्या नकळत तिची परीक्षा घेतात. आज वार कोणता, काल कोण आलं होतं, मागच्या आठवड्यात काय जेवलीस. मी मागून काहीतरी बोलून उत्तर सुचवते. वन्सं माझ्याकडे बघतात. त्यांना माझा संशय आहे हे मला ठाऊक आहे, फक्त कशाचा ते त्यांना अजून कळलेलं नाही.

कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नव्हतं. तुला सांगितलं, म्हणजे मलाच सांगितल्यासारखं.

ताई


८ मार्च

ताई,

कडेवर सही केली आहे, तीही तिरकी, म्हणजे कुणी पुन्हा चिकटवायला गेलं तर फजिती होईल. पत्राचं तू म्हणालीस तसं केलं. सासूबाईंचं सगळं वाचलं. त्या दारात उभ्या राहिल्या असतील ते दिसत राहिलं. माझ्या तोंडून कुणाला काही कळायचं नाही.

आणि आता बस, म्हणजे सांगते. मी बाईंना दिसले.

झालं असं. आम्ही पान बनवायला घेतो तेव्हा गिऱ्हाइकाचा खरा मजकूर आलेला नसतो. म्हणून त्या जागी अर्थ नसलेला डमी मजकूर भरतो, नुसती अक्षरं, आणि खरा आला की बदलतो. मी चार वर्षं तेच भरत होते. पंधरा दिवसांपूर्वी कंटाळून डमीच्या जागी खरी वाक्यं टाकून बघितली. कुठली ते विचारू नकोस, अशीच, इकडची तिकडची. आणि ताई, माझा हात बदलला. खरं वाक्य कुठे श्वास घेतं ते कळतं, तिथेच ओळ तोडावी लागते. बाजूचा समास रुंद करावासा वाटतो. चित्राला सांगावंसं वाटतं की थांब जरा, कुणीतरी काहीतरी सांगतंय. मी रंग कमी केले, हलणाऱ्या गोष्टी काढल्या. पहिल्यांदा असं झालं की दुसऱ्या कुणाची साइट उघडून बघायची आठवणच झाली नाही.

बाईंनी सोमवारी पुन्हा भिंतीवर पानं लावली. माझी तिन्ही चौघांनी ओळखली. बाई एवढंच म्हणाल्या, “आता दिसलीस.” मला नाचावंसं वाटलं, पण ऑफिस होतं.

आता वाईट. मफलर माझ्या स्क्रीनकडे बघत असतो. मी मान वळवली की पाण्याची बाटली शोधायला लागतो. फाइल शेवटची कुणी उघडली ते कंप्युटर दाखवतो, तर माझ्या दोन फाइलींवर त्याचं नाव होतं, दोन्ही वेळा मी घरी गेल्यानंतरची वेळ. आत्ता कुठे मला माझं असं काही सापडलंय आणि हा त्याच्यावर हात मारणार, हे मी चालू देणार नव्हते. बाईंकडे गेले आणि सांगितलं. त्यांनी त्याला माझ्या कामावरून काढून दुसऱ्या खोलीत बसवलं. त्याने वाद घातला नाही. सामान उचलताना मला म्हणाला, “लाइव्ह जाण्याआधी एकदा शेवटपर्यंत वाचून घे.” मला ती धमकीच वाटली.

दिव्यांच्या दुकानाची साइट पंचवीस मार्चला सुरू होईल. बारा दिवे आहेत. एका वेळी एकच दिवा दिसतो आणि खाली दोनच ओळी. घरी सगळ्यांना दाखव. भावजींना दाखव, वन्संनाही दाखव, त्यांच्या तोंडून एकदा तरी बरं म्हणवून घे. पत्ता वेगळ्या चिठ्ठीवर लिहिला आहे.

तुझी (आता ओळखू येणारी)
ठमी


२ एप्रिल

माझी पत्रं कोण वाचतं? नमस्कार वगैरे नंतर. आधी हे सांग.

रविवारी वन्सं आल्या होत्या. मीच हौसेने तुझी साइट काढली, ह्यांच्या मोठ्या स्क्रीनवर. दिवा आला, पुढचा दिवा आला, हे म्हणाले छान आहे, शांत आहे. मला खरोखर अभिमान वाटत होता. वन्संना सगळं मोठ्याने वाचायची सवय आहे, औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा. त्या प्रत्येक दिव्याखालच्या ओळी वाचत होत्या. पितळेचा दांडा, कापडी छत्री, उंची अमुक. सासूबाई खुर्चीत बसून ऐकत होत्या. मग बारावा दिवा आला आणि वन्संनी त्याच आवाजात वाचलं. धुताना सासूबाईंच्या बाहीच्या आत आमच्याच घराचा फोन नंबर पेनाने लिहिलेला दिसला. मी तेवढी जागा घासली नाही.

आणि सासूबाईंचा हात आपोआप त्यांच्या बाहीवर गेला.

वन्सं उठल्या, आईजवळ गेल्या आणि सगळ्यांसमोर त्यांची बाही उलटी केली. नंबर होता. त्यात दोन आकडे उलटसुलट झालेले होते. मी घरात असून मला ते कळलं नव्हतं.

मग वन्सं माझ्याकडे वळल्या. तुझ्या बहिणीचं काम आहे ना हे, तूच तिला लिहिलंस, आणि तिने माझ्या आईचा तमाशा मांडला. मी म्हटलं, माझी बहीण असं करणार नाही. तिच्या शेजारी एक माणूस बसतो, तो तिच्या वस्तूंना हात लावतो, हे त्याचं काम. ह्यांनी मान खाली घातली. मी तुझी बाजू घेतली, ठमे, सगळ्यांच्या देखत, आवाज चढवून.

संध्याकाळी मी पाणी द्यायला गेले तेव्हा सासूबाई बोलल्या. “तीस वर्षं माझ्या कानातून लोकांचं बोलणं गेलं. एकाचं दुसऱ्याला कधी सांगितलं नाही.” आणि तोंड भिंतीकडे केलं.

आता त्या आपले कपडे स्वतः धुतात. दार लावून. मी बाहेरून पाण्याचा आवाज ऐकत उभी राहते. वन्सं जूनपासून त्यांना घेऊन जाते म्हणत आहेत.

ते पान आधी काढ. मग लिही.

ताई


७ एप्रिल

ताई,

पान काढलं आहे. तुझं पत्र वाचल्यावर दहा मिनिटांत काढलं. तिथे आता कापडी छत्री आणि उंची आहे.

तुझी पत्रं मी एकदा जेवणाच्या सुटीत वाचायला ऑफिसात आणली होती, टेबलाच्या ड्रॉवरमध्ये होती. मफलरला माझा राग होताच. जाताना तो काय म्हणाला ते मी तुला कळवलं होतं, शेवटपर्यंत वाचून घे. आता त्याचा अर्थ लागतो. त्यानेच ते वाक्य उचलून तिथे टाकलं असणार. बाकी काही शक्यताच नाही.

सासूबाईंना माझ्याकडून काय सांगू? त्यांना म्हणावं, मला फार वाईट वाटतंय. मला रात्रीची झोप नाही. तू रागावू नकोस. तू रागावलीस तर मी कुणाकडे बघू?

ठमी


२१ एप्रिल

ठमे,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी तुझ्या बाईंना लिहिलं, शाळेच्या कागदावर, शिक्का मारून. तुमच्याकडचा एक माणूस दुसऱ्यांची खासगी पत्रं उघडतो आणि त्यातलं लोकांसमोर मांडतो, त्याला ठेवायचं की नाही ते तुम्ही बघा. पत्र पेटीत टाकलं तेव्हा बरं वाटलं. दोन दिवस बरं वाटत होतं.

मग कार्यालयात हजेरीचे कागद लावता लावता मनात आलं. सोळा फेब्रुवारीचं पत्र फाड, असं मी तुला लिहिलं होतं. तसं केलं, असं तू कळवलंस. मग ड्रॉवरमध्ये काय होतं?

तरी मी स्वतःला समजावलं. पोरगी आहे, फाडवलं नसेल, लाजेने खोटं बोलली असेल. म्हणून मी आठवून बघायला लागले, ते पान नेमकं कसं होतं. तू काढून टाकलंस तरी माझ्या डोळ्यांसमोरून गेलेलं नाही. दिवा एका बाजूला. बाजूला भरपूर मोकळी जागा. ‘पेनाने लिहिलेला दिसला’ इथे ओळ संपत होती. मग मध्ये जागा. आणि खाली एकटं, ‘मी तेवढी जागा घासली नाही.’

ज्याला तुझं वाईट करायचं आहे त्याने ते वाक्य कुठेही फेकलं असतं. त्याने मधे एवढी जागा कशाला सोडली असती? ज्याने ते तिथे ठेवलं त्याला ते फार आवडलेलं होतं. मी लिहिलं त्याहून चांगलं दिसत होतं ते, हे कबूल करायला मला लाज वाटते. तुझ्या ऑफिसातल्या चौघांनी तुझी पानं भिंतीवर ओळखली म्हणालीस. मी तुला तुझ्या जन्मापासून बघते आहे. मला ओळखायला एवढे दिवस लागले, कारण मला ओळखायचं नव्हतं.

इकडची तिकडची वाक्यं. कुठली ते विचारू नकोस. आता विचारते.

मी एका परक्या माणसाच्या पोटावर पाय आणला आहे, तुझ्या शब्दावर. खरं काय ते लिही. पाकिटाच्या कडेवर सही नको, आतल्या कागदावर कर.

ताई


३० एप्रिल

ताई,

मीच. वाक्यं तुझी होती, सगळी.

पहिल्यांदा एका चपलांच्या दुकानाचं पान होतं. डमी मजकूर टाकून टाकून डोकं बधिर झालं होतं. तुझं पत्र नुकतंच वाचलेलं होतं, त्यातली एक ओळ सहज टाकली. सर्दी झाली की तू नाकात बोलायचीस. आणि पान जिवंत झालं. मग मी थांबलेच नाही. फाड म्हणालीस ते पत्र मी समोर ठेवून काम करत होते. मनात एकच, की खरा मजकूर आला की हे निघूनच जाणार, कुणाला दिसणार आहे. दिव्यांच्या दुकानदाराने अकरा दिव्यांचा मजकूर पाठवला. बाराव्याचा पाठवलाच नाही. मी अकरा बदलले आणि ते पान मला इतकं आवडलेलं होतं की मी ते वाचतच नव्हते, नुसती बघत होते.

हे कळल्यावरही मी मफलरवर ढकललं. तू त्या घरात माझी बाजू घेऊन ओरडलीस, हे वाचलं आणि माझ्याने खरं लिहवेना. एवढंच कारण आहे. दुसरं काही सापडलं असतं तर तेही पुढे केलं असतं.

बाईंनी काल आम्हा दोघांना समोर बसवलं. तुझं पत्र टेबलावर होतं. मफलरने ते वाचलं आणि घडी करून परत ठेवलं. बाईंनी विचारलं, तिच्या फाइली तू उघडल्या होत्यास का? हो म्हणाला. का? तर त्याने माझ्याकडे बघितलं, परवानगी मागितल्यासारखं. मग सांगितलं. चपलांच्या पानावर आणि एका शाळेच्या पानावर त्याला तुझी वाक्यं राहिलेली दिसली होती. खासगी आहेत हे त्याला कळलं. मला तोंडावर कसं सांगायचं म्हणून मी गेल्यावर त्याने ती गुपचूप काढली होती. दोन्ही वेळा. म्हणून तो माझ्या स्क्रीनकडे बघायचा. तिसऱ्या वेळी काढायला तो तिथे नव्हता, कारण मीच त्याला हलवलं होतं.

बाई म्हणाल्या, मग हे आधी का नाही बोललास. तो म्हणाला, “तिला आत्ताच कुठे जमायला लागलं होतं.”

मी तिथेच सगळं कबूल केलं. त्याचं काही बिघडणार नाही, तेवढी खात्री मी बाईंकडून घेतली आहे, आणि तूही त्यांना एक पत्र लिही. माझं बिघडेल ते बिघडेल. माझ्याकडून दिव्यांची साइट काढून घेतली आहे. काल दिवसभर पुन्हा डमी मजकूर घेऊन बसले होते. पान झालं. चूक काही नव्हती.

मला माफ कर, असं लिहायचा हक्क नाही, तरी लिहिते. मला तुझ्या माफीशिवाय चालणार नाही. तुझी सगळी पत्रं परत पाठवू का? फाडू का? तू म्हणशील ते, आणि या वेळी खरोखर करीन. सासूबाईंना खरं सांग. दोष माझा आहे, तुझा नाही. तू एकीलाच सांगितलं होतंस.

खाली सही केली आहे.

ठमी


१९ मे

ठमे,

तुझ्या बाईंना मी लिहिलं आहे. त्या मफलरवाल्यालाही वेगळं लिहिलं. त्याचं दोन ओळींचं उत्तर आलं, अक्षर सुंदर आहे. तो तुझ्यावर रागावलेला नाही. मी आहे.

तुझं पत्र सासूबाईंना वाचायला दिलं. तुला विचारलं नाही. तूही मला विचारलं नव्हतंस. त्यांनी खिडकीशी बसून पूर्ण वाचलं, चष्मा पुसून परत पहिल्यापासून वाचलं. मग म्हणाल्या, “छापायचंच होतं तर नंबरही छापायचा. चुकले कुठे तर लोकांनी घरी आणून सोडलं असतं.” आणि हसल्या. दीड महिन्यात पहिल्यांदा हसल्या. मला हसू आलं नाही, मी आत जाऊन रडले. त्या रात्री जेवताना त्यांनी वन्संचं नाव घेऊन ह्यांना सांगितलं, मी कुठेही जाणार नाही, इथेच राहणार. हे हो म्हणाले. वन्सं ऐकतील असं वाटत नाही. त्यांनी परवा सुताराला पाठवून सासूबाईंच्या खोलीला बाहेरून कडी बसवून घेतली, काळजी म्हणून. अजून कुणी ती लावलेली नाही. पण बसवली आहे, आणि येता जाता प्रत्येक जण तिच्याकडे बघतो.

कपडे त्या अजून स्वतःच धुतात.

पत्रं फाडू नकोस, परतही पाठवू नकोस. जे झालं ते कागद फाडून जाणार नाही. बाईंनी तुला ठेवलं तर नेटाने काम कर. तुला तुझं काही सापडलं आहे, ते माझ्या वाक्यांतून सापडलं असलं तरी तुझंच आहे, आणि ते तुला दुसऱ्या कुणाच्या घरात न शिरता करता आलं पाहिजे. ते तुझं तू शोध.

आता माझं ऐक. हे पत्र मी चार वेळा लिहिलं. आधी कधी मी एकदा लिहिलेलं पत्र पुन्हा वाचलेलं नाही, पाकिटात घालून मोकळी व्हायचे. आता एक ओळ लिहिली की वाटतं, ही छान दिसेल. वाटतं, ही तू उचलशील. मग मी ती खोडते आणि दुसरी, साधी लिहिते. आणि मग त्या साध्या ओळीचाही मला संशय येतो, की ती साधी म्हणूनच मुद्दाम लिहिली. सासूबाईंबद्दल जे खरं सांगायचं आहे ते या पत्रात नाही. तीन आठवड्यांत बरंच झालं आहे. ते मी कागदावर उतरवणार नाही, तुला नाही, कुणालाच नाही.

ते ऐकायचं असेल तर तू इथे ये. दोन दिवस राहा. सासूबाईंच्या समोर बस, त्या तुझ्याकडे बघतील ते सहन कर. मग स्वयंपाकघरात मी सांगेन.

येताना वही आणू नकोस.

ताई